काळ्या घोड्यावरचा राजा आणि मोरीचा पाईप

परळच्या केईएम रुग्णालयाची पायरी ज्या घरातले कुणीच कधी चढले नाही, असे कुटुंब आमच्या पनवेलमध्ये शोधावे लागेल. पण या नावातला ‘ई’ कोण, हे विचारले तर भलेभले गप्प बसतात. ई म्हणजे एडवर्ड, इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. मुंबईतला काळा घोडा ज्याच्या पुतळ्यामुळे काळा घोडा झाला, तो स्वारही हाच. (प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम मात्र याचे नव्हे, याच्या मुलाच्या नावाचे. पुष्कळांची तिथे गल्लत होते.) खाणेपिणे, शर्यती आणि चिरूट यांसाठी हा माणूस गाजला. मला तो आठवतो तो न्हाणीघरातल्या पाईपामुळे.

एडवर्डचा जन्म ९ नोव्हेंबर १८४१ चा. राणी व्हिक्टोरियाचा हा थोरला मुलगा, घरातले नाव बर्टी. वडील प्रिन्स अल्बर्ट शिस्तीचे. मुलाच्या दिवसाचा तास न् तास आखलेला. मुलाचे मन पुस्तकात कमी, माणसांत जास्त. विशीत एका नटीशी त्याचे प्रकरण कानावर आले, तेव्हा आजारी वडील नोव्हेंबर १८६१ मध्ये केंब्रिजला जाऊन त्याची कानउघाडणी करून आले. परतल्यावर त्यांनी अंथरूण धरले आणि १४ डिसेंबरला विंडसरच्या राजवाड्यात ते गेले. डॉक्टरांनी विषमज्वर म्हटले. आजच्या अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहे. आईने मात्र दोष मुलाच्या पदरात टाकला, आणि तो सल तिने पुढे वर्षानुवर्षे जपला.

दहा वर्षांनी पाळी मुलाची आली. १८७१ च्या शरद ऋतूत स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी, लाँड्सबरो लॉज नावाच्या श्रीमंत घरात तो पाहुणा म्हणून राहिला. घरी सँडरिंगहॅमला परतल्यावर ताप चढू लागला. विषमज्वर! त्याच घरात उतरलेला चेस्टरफील्डचा उमराव दगावला, राजपुत्राचा मोतद्दारही दगावला. राणी मुलाच्या उशाशी येऊन बसली. डिसेंबरची चौदा तारीख जवळ येत चालली तशी सगळ्या देशाने आशा सोडली. आणि नेमक्या त्याच दिवशी उतार पडला. पुढच्या फेब्रुवारीत लंडनच्या सेंट पॉल्समध्ये आभाराची मोठी प्रार्थना झाली. राजेशाही नकोच म्हणणाऱ्यांचा आवाज त्यानंतर बराच बसला.

इकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने स्कारबरोच्या त्या घराची चौकशी केली. बोट रोखले गेले ते सांडपाण्याच्या पाईपांवर. गटारातली दूषित हवा खोल्यांत शिरते आणि तीच रोग आणते, असा तेव्हाचा समज. खरे तर विषमज्वराचा जंतू एबर्थने दाखवला तो १८८० साली, आणि तो पसरतो मैला मिसळलेल्या पाण्यातून व अन्नातून. म्हणजे कारण अर्धवट चुकले होते. पण राजपुत्राच्या पाईपातून मरण येते म्हटल्यावर सगळ्या श्रीमंत इंग्लंडने आपापल्या मोऱ्या उकरून पाहिल्या. स्टीव्हन्स हेलियर नावाच्या प्लंबरने १८७७ मध्ये घराच्या प्लंबिंगवर चांगले जाडजूड पुस्तक काढले. पाईपाला पाणी जायला वाट लागते, तशी हवा यायलाही लागते, ही गोष्ट त्या वर्षांत कारागिरांच्या अंगवळणी पडली.

आपल्याकडे ती अजून पडायची आहे. आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांनी हौसेने बाथटब बसवला. टबातले दीडशे-एक लिटर पाणी सोडले की कोपऱ्यातली नहाणी ट्रॅप गुडगुडायची आणि मग घरभर वास. फिनेलचे डबे रिते झाले, वास हटेना. कारण साधे आहे. ट्रॅपच्या वाकड्या पाईपात दोनेक इंच पाणी अडून असते, तेच गटाराच्या हवेला लावलेले बूच. टबाचे पाणी पाईप गच्च भरून धावले की मागे पोकळी पडते. ती भरायला बाहेरून हवा मिळाली नाही, तर ती ट्रॅपमधले पाणीच ओढून घेते. बूच गेले, दार उघडे!

म्हणून ट्रॅपच्या लगेच पुढे हवेचा पाईप जोडायचा. तो आधी उभा, टबाच्या काठापेक्षा वर न्यायचा, मगच हवा तर आडवा वळवायचा, आणि इमारतीच्या व्हेंट पाईपात किंवा थेट गच्चीवर मोकळा सोडायचा. टबाच्या वरच्या भोकाचा ओव्हरफ्लो ट्रॅपच्या आधी मिळाला पाहिजे. आडव्या पाईपाला फुटामागे पाव इंच उतार पुरतो. एका टबाला ट्रॅप एकच. दुप्पट बंदोबस्त म्हणून दोन लावले की मधली हवा कोंडते आणि पाणी तुंबते. शेजाऱ्यांच्या मिस्त्रीने दोन दिवसांत हे केले आणि घर शांत झाले. गच्चीवरच्या त्या पाईपाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे महाभाग मात्र प्रत्येक सोसायटीत असतात.

पनवेलच्या जुन्या वाड्यांना ही कटकट नव्हती. १८५२ मध्येच नगरपालिका झालेले हे गाव, पण मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून परसातल्या अळूला आणि केळीला जायचे. गटाराशी बंद पाईपाचे नातेच नाही, तर हवा कोंडणार कुठून?

एडवर्ड मुंबईत आला तो ८ नोव्हेंबर १८७५ रोजी. दुसऱ्या दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस इथेच झाला, आणि प्रिन्सेस डॉकची कोनशिलाही त्याने याच मुक्कामात बसवली. दक्षिणेचा दौरा मात्र पटकीच्या साथीमुळे बदलावा लागला. पुढे १८८४ साली गरिबांच्या घरांची चौकशी करणाऱ्या आयोगावर तो बसला. साधे कपडे घालून लंडनच्या झोपडपट्टीत शिरला. एका उघड्याबोडक्या खोलीत कुडकुडणारी बाई आणि उघडी मुले पाहून त्याने खिशातली सोन्याची नाणी काढली. ती तिथे दिसली तर गर्दी अंगावर येईल म्हणून सोबत्यांनी हात धरला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला दिवस. सँडरिंगहॅमच्या शौचालयांचे काम त्याच दशकात त्याने थॉमस क्रॅपरच्या कंपनीकडे सोपवले.

राज्य मिळायला त्याला १९०१ साल उजाडले, तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. ६ मे १९१० रोजी तो गेला. परळचे रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. अल्बर्ट ससूनने दिलेला आणि १८७९ मध्ये उभा राहिलेला घोड्यावरचा पुतळा १९६५ साली चौकातून हलवला. चौकात २०१७ मध्ये नवा काळा घोडा आला, त्याच्या पाठीवर कुणी नाही. जुना स्वार भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, म्हणजे मुळात त्याच्या आईच्या नावाने वसवलेल्या बागेत.