सतरा अंकी आनंद

जरा कॅल्क्युलेटर काढा. नऊ वेळा १ दाबा आणि त्याचा वर्ग करा. स्क्रीनवर १.२३४५६७८९९ आणि पुढे दहाचा सोळावा घात एवढंच दिसेल. पुढचे आकडे त्या बिचाऱ्याला मावतच नाहीत! आता हाच गुणाकार कागदावर करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं!

अशा संख्यांचं वेड एका मराठी मास्तरांना होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मी भाईंदरला राहतो. आपल्याच पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे डहाणू लागतं, तिथे १७ जानेवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले.

वरच्या संख्येला त्यांनी नाव दिलं डेमलो संख्या. कल्पना सुचली ती मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेमलो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला! या संख्येचे डावीकडचे आठ अंक आणि उजवीकडचे नऊ अंक वेगळे करून बेरीज करा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. सगळ्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं तर संख्या पूर्ण सुटते, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या.

पण हा आनंद त्यांना फुकट मिळाला नाही. आपल्याकडचे बरेच गणिती त्यांच्या कामाला पोरखेळ समजून हसत. ते मात्र स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापायचे, परिषदांना जायचे. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४! १९६२ साली निवृत्त झाल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. त्यांचं वय होतं ७०. १९८६ साली देवळालीतच ते गेले.

आपण इंजिनिअरिंगवाले प्रत्येक विषयाला आधी विचारतो, याला स्कोप काय? कापरेकरांच्या गणिताला स्कोप नव्हता, पगारवाढ नव्हती, पीएच.डी. तर नव्हतीच. तरी आज ६१७४ जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. मला वाटतं, कॅल्क्युलेटर जे आकडे गाळतो तेच बघायची सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. परीक्षा संपली की एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसा. मार्क्स मिळणार नाहीत, पण मजा नक्की येईल!