मिरजेचे डॉक्टर वानलेस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाकाठच्या खेड्यांत कोणास अकस्मात दुखणे आले, तर जवळपास डॉक्टर मिळत नसे. आतडे अडकून पोट फुगलेला शेतकरी किंवा बाळंतपणात अडलेली स्त्री घरगुती उपायांवरच दिवस काढी. सारे उपाय हरले म्हणजे मग बैलगाडी जुंपली जाई. पण तोवर मोलाचा काळ निघून गेलेला असे. अशा या मुलखाच्या सेवेत एका परदेशी डॉक्टराने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव विल्यम जेम्स वानलेस.

वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानात आले. आरंभी त्यांनी सांगलीस लहानसा दवाखाना चालविला. पुढे ते मिरजेस गेले व तेथे 1894 साली त्यांचे रुग्णालय सुरू झाले. मिरज हे आगगाडीचे मोठे ठिकाण होते. पुण्याहून निघालेला लोहमार्ग कोरेगाव, कऱ्हाड या गावांवरून तेथे येई. कोल्हापूर व बेळगावकडील मार्गही तेथेच मिळत. त्यामुळे दूरदूरच्या रोग्यांना मिरज गाठणे सोपे झाले.

तरीही लोकांच्या मनात शस्त्रक्रियेची मोठी धास्ती होती. शस्त्र लागले की मरण आले, असेच पुष्कळांना वाटे. ही भीती शब्दांनी जाणारी नव्हती. मोतीबिंदू काढलेला म्हातारा काठी न टेकता आपल्या वाटेने घरी परतला, की सारा गाव काय ते समजे.

रोगी वाढू लागले, तशी एका माणसाच्या हातांची मर्यादा वानलेस यांना कळून आली. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. पण रोग्याची खरी कसोटी पुढल्या रात्री लागते. त्या रात्री नाडी पाहणारे, जखम स्वच्छ राखणारे, धोक्याची खूण ओळखून वेळीच हाक देणारे कोणी तरी उशाशी जागे असावे लागते. म्हणून त्यांनी 1897 साली मिरजेस वैद्यकाची शाळा काढली. परिचारिकांच्या शिक्षणाचीही तेथे सोय झाली. आपली विद्या त्यांनी आपल्यापुरती ठेवली नाही. कुष्ठरोग्यांना आसरा मिळाला. क्षयरोग्यांसाठी मिरज व सांगली यांच्या दरम्यान आरोग्यधाम उभे राहिले. तो भाग पुढे वानलेसवाडी या नावाने ओळखला जाऊ लागला.

1928 साली त्यांना सर ही पदवी मिळाली. सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 साली अमेरिकेत वारले.

पुढे काळ पालटला. संस्थाने विलीन झाली. 1949 साली हा प्रदेश दक्षिण सातारा जिल्ह्यात आला व 1960 साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. 1962 साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या अध्यापनास वानलेस रुग्णालयाचा आधार झाला. एका डॉक्टराने बरे केलेले रोगी मोजता येतील. पण त्याने घडविलेल्या हातांनी किती जणांना जीवदान दिले, त्याची मोजदाद कोणी करावी?