उंच माझा झोकामधल्या रमाबाई आणि आपल्या वॉर्डातली सिस्टर

बुलढाणा : रात्रीचे दोन वाजलेले असतात. सरकारी दवाखान्यातला पुरुषांचा ऑपरेशन वॉर्ड. नातेवाईक खाली सतरंजी टाकून झोपलेले. डॉक्टर राऊंड घेऊन गेलेले. अशा वेळी वॉर्डात सिस्टर मात्र जागी असते. कुणाचं सलाईन संपत आलं, कालच्या ऑपरेशनवाल्याची पट्टी ओली झाली का, लघवीच्या पिशवीत किती जमा झालं, म्हाताऱ्या बाबांना धाप लागली का, हे ती खाटेखाटेला जाऊन बघते आणि कागदावर लिहून ठेवते.

बुलढाणा असो, खामगाव असो की शेगाव, ज्याच्या घरचं माणूस कधी ॲडमिट झालंय त्यानं हे पाहिलेलं आहे. आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे दृश्य आपल्याकडे जवळपास नव्हतंच. चांगल्या घरची बाई परक्या पुरुष पेशंटच्या अंगाला हात लावते, त्याचं भांडं उचलते, रात्रभर घराबाहेर राहते, ही गोष्ट समाजाला मान्यच नव्हती.

ती मान्य व्हावी म्हणून ज्यांनी आपल्या घराण्याचं नाव पणाला लावलं, त्या म्हणजे रमाबाई रानडे. २०१२ साली झी मराठीवर उंच माझा झोका ही मालिका लागायची, त्यातली छोटी रमा अनेकांना आजही आठवते. तिची पाटी-पेन्सिल लक्षात राहिली, दवाखान्याचं काम मात्र फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून हा लेख.

देवराष्ट्र्याची यमुना

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आताच्या सांगली जिल्ह्यातलं. पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावात जन्मले. माहेरचं आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला शाळा नव्हती. अक्षर ओळख नसतानाच, १८७३ साली, अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं.

नवरा होता महादेव गोविंद रानडे. वय ३१. मोठे विद्वान, सरकारी न्यायाधीश, विधवांची लग्नं व्हावीत म्हणून झटणारे. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. आता ते स्वतः विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी त्यांना बरंच नावं ठेवली. त्यात खोटं काही नव्हतं.

लग्नानंतर रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना हे मुळीच आवडलं नाही. टोमणे, अबोला, कामाचा बोजा, सगळं रमाबाईंनी सोसलं. उलट बोलल्या नाहीत आणि पुस्तकही सोडलं नाही. पुढे पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. १८८४ साली ते हायस्कूल निघालं. तीच आजची हुजूरपागा शाळा.

घरातलं आजारपण

१८९३ साली रानडे मुंबईला हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तीनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात पसरला. माणसं घरं टाकून रानात झोपड्या बांधून राहू लागली. घरात प्लेगचा पेशंट असला तर सख्खा भाऊही जवळ जायला भ्यायचा. अशा वेळी सावित्रीबाई फुले पेशंटची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला आपण त्यांची जयंती साजरी करतो, पण त्यांचं मरण पेशंटच्या सेवेत आलं, हे पोरांना सांगायचं बरेचदा राहून जातं.

त्या दिवसांत आजारी माणूस घरीच असायचा. त्याचं सगळं घरातल्या बाईनंच करायचं. शिकवलेलं कुणी नाही. ताप कसा मोजायचा, जखम कशी स्वच्छ ठेवायची, पेशंटला काय द्यायचं आणि काय नाही, हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर. नवऱ्याचं शेवटचं आजारपण रमाबाईंनी स्वतः काढलं. १६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा ३९ वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्या आजारपणाची हकिकत त्यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली. ते पुस्तक १९१० साली निघालं आणि मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते आजही पहिल्या रांगेत आहे.

विधवा बाईनं कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. रमाबाई पुण्याला परतल्या. काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बायका कैद्यांना भेटू लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या, त्यांना चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवू लागल्या.

वाड्यातलं सेवासदन

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी बायकांसाठी सेवासदन नावाची संस्था काढायचं ठरवलं. बायकांना शिकवायचं, आणि त्यांच्यातून नर्स तयार करायच्या. पुढे कुणाला ठेवायचं? दोघांनीही रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी, १९०९ ला, पुण्यातही सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांच्यासोबत काम बघायचे.

विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, गरिबीनं गांजलेल्या बायका इथं येऊ लागल्या. कुणी लिहा-वाचायला शिकली, कुणी शिवणकाम, कुणी मास्तरीण व्हायचं शिक्षण घेतलं. इथवर लोकांनी कुरकुरत का होईना मान्य केलं. खरा वाद पेटला तो नर्सिंगवर.

शिकलेल्या नर्स तेव्हा आपल्याकडे बहुतेक गोऱ्या, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती असायच्या. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १८९१ साली काशीबाई गणपत ही बाई नर्सिंग शिकायला गेली, तिचं नाव नर्सिंगच्या पुस्तकांत पहिली भारतीय शिकाऊ नर्स म्हणून येतं. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. हिंदू घरातली बाई या कामाला जाईना, गेली तर घरचे परत घेईनात. कारणं साधी होती. परक्या पुरुषाला स्पर्श. कुठल्या जातीचा पेशंट येईल ते सांगता येत नाही. रक्त, पू, मल-मूत्र. आणि रात्रपाळी.

१९११ च्या सुमारास रमाबाईंनी सेवासदनच्या बायकांना नर्सिंग शिकवायची सोय केली. शिकायचं पुण्याच्या ससून हॉस्पिटलात. राहायला वसतिगृह, म्हणजे रात्री-अपरात्री येण्याजाण्याचा प्रश्न नको. वसतिगृहावर देखरेख संस्थेची. लोक बोलायला मोकळे होतेच, पण आता बोलायचं म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या संस्थेला बोलायचं. ज्या घरांनी नुसत्या नर्स या शब्दावर मुलीला घरात कोंडलं असतं, ती घरं रमाबाईंच्या शब्दावर मुलीला पाठवू लागली. त्यांनी या बायकांना दिलेली मोठी मदत म्हणजे स्वतःची इभ्रत. पैशापेक्षा ती जास्त कामी आली.

औषधं नव्हती तेव्हा

तेव्हाच्या नर्सचं काम किती मोलाचं होतं हे समजायचं तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ चा, आणि ते पेशंटला मिळू लागलं १९४० नंतर. म्हणजे रमाबाईंच्या काळात पेनिसिलिनसारखं इंजेक्शन नव्हतं. टायफॉईडचा ताप तीन-तीन, चार-चार आठवडे चालायचा. त्यातून पेशंट वाचायचा तो ओल्या फडक्यानं अंग पुसून ताप उतरवल्यानं, घोट घोट पाणी आणि पातळ अन्न पोटात गेल्यानं, तोंड आणि अंथरूण स्वच्छ ठेवल्यानं. डॉक्टर दिवसातून एकदा येऊन बघायचा. बाकीचे तास नर्सच्या हातात.

ऑपरेशनचंही तसंच. चाकू डॉक्टरनं चालवला तरी जखम पिकली तर पेशंट हातचा जायचा. पट्टी बदलताना हात धुतले का, भांडी उकळली का, यावर माणसाचा जीव अवलंबून असायचा.

आज औषधं आली, मशीन आल्या. तरी सिस्टरचं बरंच काम तेच आहे. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. त्यांनाच बेडसोर म्हणतात. ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवायचं, कारण भूल दिल्यावर उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते. सिस्टर पुन्हा पुन्हा विचारते, काही खाल्लं का, ते याच्यासाठी. आपल्याकडे माया म्हणून लपवून चहा-बिस्कीट देणारे नातेवाईक असतात. ती माया जिवावर बेतू शकते.

ऑपरेशननंतर डॉक्टरनं परवानगी दिली की सिस्टर पेशंटला उठून चालायला लावते, खोल श्वास घ्यायला सांगते. घरच्यांना ती निर्दय वाटते. पण नुसतं पडून राहिलं तर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी किती प्यायले आणि लघवी किती झाली हे ती लिहिते, कारण किडनीचा पहिला इशारा तिथंच मिळतो. हे सगळं शिकून येतं. नुसत्या दयेनं येत नाही. रमाबाईंनी बायकांना वॉर्डात शिकायला पाठवलं ते म्हणूनच.

शेवटची वर्षं

रमाबाई शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. पुण्यात मुलींनाही सक्तीचं शिक्षण मिळावं म्हणून त्या लढल्या. बायकांना मत देण्याचा हक्क मिळावा म्हणून १९२१-२२ च्या चळवळीत त्या पुढे होत्या. १९२४ साली त्या गेल्या. ज्या संस्थेची सुरुवात एका वाड्यात झाली, तिथं त्या साली हजारावर बायका-मुली शिकत होत्या. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींचं वेगळं वसतिगृह होतं, शिकाऊ नर्सचं वेगळं. पुढे १५ ऑगस्ट १९६२ ला, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या घरातली गोष्ट

आता आपल्याकडे या. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत आज अशा मुली आहेत ज्यांना बारावीनंतर नर्सिंग करायचं आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. पगाराची नोकरी म्हणून आईबाप हो म्हणतात. पण स्थळ पाहायची वेळ आली की जुनेच प्रश्न निघतात. रात्रपाळी असते का? पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटी लागते का? लग्नानंतर सोडणार ना? १९११ साली पुण्यात हेच विचारत होते. फक्त जातीचा प्रश्न तेव्हा उघड होता, आता तो हळू आवाजात विचारतात.

आणि हेच प्रश्न विचारणारा माणूस स्वतः हर्नियाच्या नाहीतर मुतखड्याच्या ऑपरेशनला ॲडमिट झाला, की रात्री दुखायला लागल्यावर पहिली हाक सिस्टरलाच मारतो. त्या वेळी ती कुणाची लेक, कुठल्या जातीची, रात्री घराबाहेर कशी, असलं काही त्याच्या मनात येत नाही.

रमाबाईंना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांच्या लेकींना त्यांनी या कामाला पाठवलं, त्यांच्या मागं स्वतःचं नाव उभं केलं, म्हणून इतर घरांनाही धीर आला. गावात तसं नाव ज्याचं त्याचं असतंच. सरपंच असेल, गुरुजी असतील, आजोबा असतील. नर्सिंगला निघालेल्या मुलीच्या मागं त्यांनी एकदा चारचौघांत उभं राहून तिच्या कामाला चांगलं म्हटलं, तरी तिचा अर्धा भार हलका होतो.

बारा मे हा जागतिक परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. त्या दिवशी सिस्टरला फुलं देतात, फोटो काढतात. पण पुढच्या वेळी घरचं कुणी ॲडमिट असेल तर एवढं करून बघा. पेशंटनं काय खाल्लं-प्यायलं ते तिला खरं सांगा. खाटेभोवती गर्दी करू नका. ती पट्टी बदलत असेल तेव्हा मधेमधे करू नका. आणि डिस्चार्ज घेऊन निघताना डॉक्टरांना नमस्कार करता, तसा दोन पावलं मागं जाऊन तिलाही करा.