खेड्यातील वैद्य डॉक्टर एडवर्ड जेन्नर

आमच्या मंडळ्यांतील वृद्ध मनुष्यांच्या दंडावर देवी टोचल्याची वाटोळी खूण अद्याप दिसते. लहान मुले तिजविषयी विचारतात, तेव्हा देवीडॉक्टर गावात आला म्हणजे घरोघर मुलांची कशी लपवालपव होत असे, हे वडीलधारी माणसे हसत सांगतात. ही खूण ज्यांच्या श्रमाने जगास मिळाली, त्या सद्गृहस्थांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

एडवर्ड जेन्नर ह्यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात बर्कली ह्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. एडवर्ड पाच वर्षांचे असतानाच आईबाप दोघेही वारले व थोरल्या भावंडांनी त्यांचे पालन केले. त्या काळी देवीचा रोग ज्यांस होई, त्यांपैकी शंभरात वीस-तीस माणसे मरत. जी वाचत त्यांतील कित्येकांचे डोळे जात. ह्यावर एकच उपाय ठाऊक होता. रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी मनुष्यास टोचून त्याला सौम्य रोग आणीत. एडवर्ड ह्यांसही बालपणी असेच टोचले. आधी त्यांस उपाशी ठेवून त्यांचे रक्त काढिले, आणि मग दुसऱ्या मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेविले. ते वाचले, परंतु अशा टोचण्याने काही जण मरत, आणि टोचलेल्यापासून शेजाऱ्यास खरा रोग लागे.

पुढे एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करून ते सन १७७० मध्ये लंडनास गेले व सेंट जॉर्ज रुग्णालयातील प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यांचे शिष्य झाले. केवळ तर्कावर विसंबू नये, करून पाहावे, ही शिकवण त्यांस ह्या गुरूंपासून मिळाली. शिक्षण संपल्यावर मोठ्या शहरातील मानमरातबाची आशा न धरिता ते आपल्या गावी परतले आणि घोड्यावरून वाडीवस्तीस जाऊन रोग्यांची सेवा करू लागले.

जेन्नर ह्यांचे नाव देवीच्या लशीमुळे झाले, तरी हृदयाच्या रोगाविषयीही त्यांनी मोठा शोध केला, हे थोड्यांस ठाऊक आहे. छातीत कळ येऊन मेलेल्या एका मनुष्याचे हृदय ते चिरून पाहत होते. तोच सुरी कशावर तरी अडखळली. छताचा चुना पडला की काय, म्हणून त्यांनी वर पाहिले. नंतर नीट शोधिले, तेव्हा हृदयासच रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या हाडासारख्या कठीण झाल्या होत्या, असे आढळले. हृदयशूलाचे कारण हेच असावे, असे त्यांनी अनुमान केले. परंतु त्याच सुमारास त्यांच्या परमप्रिय गुरूंस, हंटर ह्यांसही, तीच कळ येऊ लागली होती. ह्या रोगावर तेव्हा औषध नव्हते. सत्य सांगितले तर गुरूंची आशा मात्र नाहीशी होईल, असे जाणून जेन्नर ह्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला नाही. सन १७९३ मध्ये रुग्णालयाच्या सभेत वाद होऊन हंटर एकाएकी मरण पावले. त्यांच्याही रोहिण्या तशाच निघाल्या. आजाऱ्याची शुश्रूषा करणारांनी हा प्रसंग मनात ठेवावा. तेव्हा उपाय नव्हता म्हणून मौन शोभले. आज उपाय आहेत, म्हणून छातीत कळ येणाऱ्यास विनाविलंब इस्पितळात पोहोचविणे हेच प्रेम होय.

आता देवीविषयी. गाईच्या सडांवरील फोडांपासून ज्यांच्या हातांस फोड येतात, त्यांस देवी निघत नाहीत, असे त्या प्रांतातील गवळणी बोलत असत. विद्वान लोक ह्या बोलण्यास अडाण्यांची समजूत मानीत. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने मात्र सन १७७४ मध्येच आपल्या बायकोस व दोन मुलांस गाईच्या फोडांतील लस टोचिली होती. जेन्नर ह्यांनी गवळणींचे बोलणे टाकून दिले नाही व पडताळ्यावाचून खरेही मानिले नाही. ते वर्षानुवर्षे उदाहरणे जमवीत राहिले.

तारीख १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास, जेम्स फिप्स ह्यास, टोचिली. मुलास थोडा ताप येऊन गेला. मग १ जुलै रोजी त्यांनी त्यास खऱ्या देवीचे द्रव्य टोचिले. रोग झाला नाही. येथे आम्ही वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खऱ्या देवी टोचण्याची तेव्हा चालच होती. तरी गरीब चाकराच्या मुलावर मालकाने असा प्रयोग करावा, हे आजच्या नियमांस मुळीच मान्य होणार नाही. जगाच्या कल्याणाचा पहिला धोका एका गरिबाच्या लेकराने सोसला, हे विसरू नये. जेन्नर ह्यांनी पुढे जेम्स ह्यास राहावयास घर दिले.

रॉयल सोसायटीने त्यांचा लेख स्वीकारला नाही. त्यांनी आणखी उदाहरणे मिळवून सन १७९८ मध्ये स्वतः पुस्तक छापिले. लोकांनी उपहास केला. टोचलेल्या मनुष्यांस गाईची शिंगे फुटत आहेत, अशी चित्रे निघाली. काही उपदेशकांनी विरोध केला. परंतु लंडनातील प्रसिद्ध उपदेशक रोलंड हिल ह्यांनी स्वतः लोकांस लस टोचिली. जेन्नर ह्यांनी आपल्या बागेतील झोपडीत गरिबांस फुकट टोचण्याचा क्रम ठेविला. ह्या कामात त्यांचा धंदा बुडाला, म्हणून पार्लमेंटाने सन १८०२ मध्ये १०,००० व सन १८०७ मध्ये २०,००० पौंड त्यांस दिले. बगदाद व बसरा ह्या मार्गाने लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. तिच्यापासून ती पुढे हिंदुस्थानात पसरली.

एकदा टोचले म्हणजे जन्मभर भय नाही, असे जेन्नर ह्यांस वाटे. ते चुकीचे ठरले. काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागे. लस शरीरात काय करिते, हेही त्यांस ठाऊक नव्हते. आज आपण जाणतो की, आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी आलेल्या शत्रूस ओळखून ठेवितात. गाईच्या देवीचे विषाणू मनुष्याच्या देवीच्या विषाणूंसारखेच असल्यामुळे एकाशी लढलेल्या पेशी दुसऱ्यासही तत्काळ ओळखितात. गवळणींनी पाहिले होते ते हेच.

थोरला पुत्र सन १८१० मध्ये व पत्नी सन १८१५ मध्ये क्षयाने वारल्यावर जेन्नर बहुधा गावीच राहिले. २६ जानेवारी १८२३ रोजी ते मरण पावले व वडिलांनी सेवा केलेल्या देवळात पुरले गेले. जेम्स फिप्स त्यांच्या अंत्यविधीस हजर होता.

हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी सन १९७५ मध्ये आढळला; ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. म्हणून आज सर्वसाधारण लोकांस देवी टोचीत नाहीत. परंतु गोवर, घटसर्प, धनुर्वात हे शत्रू अद्याप आहेत. परिचारिका लस घेऊन गावात येईल, त्या दिवशी आपली लेकरे लपवू नका. एखाद्या आईस भीती वाटत असेल, तर तिला हसू नका. तिच्याजवळ बसा, आणि आजीच्या दंडावरील खूण तिला दाखवा.