सत्याचे व्याकरण : गोपाळ गणेश आगरकर

आगरकर म्हटले की आपल्यापुढे समाजसुधारक उभा राहतो. बालविवाहाला विरोध, स्त्रीशिक्षण, ‘सुधारक’ पत्र. परीक्षेच्या टिपणाला एवढे पुरते. मला मात्र मराठीची विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. १८८२ साली खोट्या पत्रांपायी ते तुरुंगात गेले आणि १८८८ साली त्यांनी वाक्यांचे पृथक्करण कसे करावे यावर पुस्तक लिहिले. एकातून दुसरे निघाले असा माझा दावा नाही. पण बोललेल्या शब्दाची जबाबदारी म्हणजे काय, हा प्रश्न या माणसाने जन्मभर उशाशी घेतला होता, एवढे खास.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. डेक्कन कॉलेजात असताना त्यांना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची वाट सोडून ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिरले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि पंचविशीही न गाठलेले आगरकर त्याचे पहिले संपादक झाले.

पुढे कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तेथील अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे सरकारदरबारी सांगितले जात होते. त्यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा लोकांत बोभाटा होता. पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्यांवर विसंबून बर्व्यांवर कडक लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. (खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला होता. याच मंडळींतील चिपळूणकरांनी फुल्यांवर किती कठोर टीका केली होती, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.)

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या मराठीत ‘खोटे’ हा शब्द फार कामे करतो. नाणे खोटे, पत्र खोटे, बोलणे खोटे, माणूसही खोटा! पण या चौघांतला फरक केवढा आहे! पत्र खोटे होते, कारण कोणी तरी ते जाणून-बुजून रचले. त्यावरून केलेले विधान खोटे ठरले, कारण वस्तुस्थितीशी ते जुळले नाही. मग ते छापणारा संपादक खोटा होता काय? त्याने तर जे खरे वाटले तेच सांगितले होते. कायद्याला हा भेद पुरेसा वाटला नाही, आणि माझ्या मते कायद्याचेही अगदीच चुकले नाही. छापलेल्या वाक्यात विधानाबरोबर एक मूक आश्वासनही असते, की मी हे पारखून घेतले आहे. ते आश्वासन मात्र पाळले गेले नव्हते. आगरकरांचा मोठेपणा असा, की हेतू शुद्ध होता म्हणून त्यांनी शब्दांचे समर्थन केले नाही.

डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. या दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले पुस्तक आजही वाचनीय आहे. त्यात कुढणे नाही, उलट विनोद आहे. दुसऱ्याच वर्षी त्यांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. ते ‘हॅम्लेट’चे भाषांतर, म्हणजे वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राची कथा! आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते कोल्हापूरचे दुर्दैवी छत्रपती अहमदनगरला मृत्यू पावले. पत्रे खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती.

‘केसरी’ हे एकट्याचे पत्र नव्हते. सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांचे मत एक आणि संपादकाचे दुसरे, असे होऊ लागले. जे आपले मत नाही ते आपल्या लेखणीने मांडायचे, किंवा जे आहे ते गिळायचे, हे दोन्ही त्यांना जमेना. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तकही त्याच वर्षाचे. कोणाविषयी बोलतो ते उद्देश्य आणि त्याविषयी काय बोलतो ते विधेय, हे आपण व्याकरणाच्या तासाला घोकतो. आगरकरांचे निबंध त्या दृष्टीने वाचून पाहावेत. रूढीचे समर्थन करणाऱ्या गोलगोल वाक्याला ते हेच विचारतात, की तू नेमके कोणाविषयी काय म्हणतोस? शास्त्राला मान्य आहे असे कोणी म्हणाले, की कोणत्या शास्त्राला, आणि ते मानायचे का, असे प्रश्न ते लावतात. अशाने अर्धी वाक्ये जागच्या जागी कोसळतात.

बोलता तसे करत का नाही, असा टोमणा त्यांनाही ऐकावा लागला. त्यांचे उत्तर मला फार विचार करायला लावते. बोलणे इष्टतेच्या मापाने आणि करणे शक्यतेच्या मापाने, अशी त्यांची भूमिका होती. ही पळवाट आहे असे माझ्या काही मैत्रिणींना वाटते. मला तसे वाटत नाही. जेवढे हातून होईल तेवढेच बोलायचे ठरवले, तर बोलणेही हळूहळू सोयीपुरतेच उरते.

पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर मेले हे त्या यात्रेचे विधान धडधडीत खोटे होते आणि खांदा देणाऱ्यालाही ते ठाऊक होते. तरी तिला कोणी थाप म्हणणार नाही. आमच्या लेखी तू मेलास, हा तिचा अर्थ रस्त्यावरच्या पोरालाही कळत होता, आणि तो अगदी मनापासूनचा होता.

१८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले. मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला. आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसे आगरकरांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते आणि ते कशासाठी आहेत हेही लिहून ठेवले होते, असे चरित्रकार नोंदवतात.