कै. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांच्या पदांच्या चाली

बिदर आणि कलबुर्गी या आपल्या सीमेवरील जिल्ह्यांत गाण्याला वेस नसते. पहाटे जात्यावर कानडी पदासाठी जी चाल ऐकावी, तीच सायंकाळी भजनात मराठी शब्द लेवून भेटते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्री माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी तर मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, आणि ती सर्व एकाच दरबारात गाइली गेली. असे असूनही शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत एकदा वाद माजलेला आम्ही पाहिला. एका गटाने बसविलेल्या मराठी गीताची चाल दुसऱ्या गटाच्या कानडी गीताशी जुळत होती. एका विद्यार्थ्याने दुसऱ्यास चक्क चोर म्हटले, आणि तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. त्या वादाचा निवाडा आम्हांस त्या दिवशी करता आला नाही. पुढे कै. अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र वाचताना तो आपोआप झाला. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात सांगत आहोत.

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घरात मराठी आणि अंगणाबाहेर कानडी, अशा दोन भाषांच्या छायेत ते वाढले. आपल्या भागातील मुलांना हे निराळे समजावून सांगावयास नको! योगायोग असा, की त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्या प्रयोगामागेही कर्नाटकच होते. आदल्या वर्षी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे, अशी आज्ञा भाव्यांना केली. मराठी रंगभूमीचे बीज अशा रीतीने कानडी मातीतून आलेले आहे.

अण्णासाहेबांचे शिक्षण धारवाडकडे आणि पुण्यास झाले. परंतु पुस्तकांपेक्षा नाटकांकडे त्यांचा ओढा अधिक. पोटासाठी त्यांनी बेळगावास शिक्षकाची नोकरी केली, पुढे सरकारी कचेरीत कारकुनी केली. तथापि मन रमले ते नाटकमंडळींतच. १८७३ साली त्यांनी ‘शांकर दिग्विजय’ हे गद्य नाटक लिहिले. ते कोणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. सदतीस वर्षांचे वय झाले, तरी हा मनुष्य कचेरीतला एक रसिक कारकूनच होता.

१८८० साली पुण्यास त्यांनी एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा उर्दू संगीत खेळ पाहिला. त्या खेळात पात्रे स्वतः गात होती. आपल्याकडे तोपर्यंतचा प्रघात असा, की बहुतेक पदे सूत्रधाराने म्हणावी आणि पात्रांनी प्रसंग पाहून आयत्या वेळी भाषणे करावी. आपल्या भाषेत कालिदासाचे नाटक असे गाते का होऊ नये, हा विचार अण्णासाहेबांच्या मनाने घेतला. त्यांनी ‘शाकुंतल’ मराठीत उतरविण्यास आरंभ केला, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे नट त्यांना लाभले. सूत्रधाराची भूमिका अण्णासाहेब स्वतः करीत. मराठी संगीत नाटकाचा जन्म तो हाच.

आता मुख्य प्रश्न चालींचा. या एका नाटकात सुमारे दोनशे पदे होती. इतक्या चाली एका माणसाने कोठून आणाव्या? अण्णासाहेबांनी त्या आपल्या भोवतालच्या जगातून गोळा केल्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनकारांच्या तोंडची वृत्ते त्यांनी घेतली. लावणीची ठेवण घेतली, रागदारीतील चिजा घेतल्या, आणि लहानपणी कानांवर पडलेल्या कानडी पदांच्या चालीही घेतल्या. स्वयंपाकघरात, देवळात, मैफलीत जे सूर वावरत होते, तेच त्यांनी शकुंतलेच्या आणि दुष्यंताच्या मुखी घातले. प्रेक्षकांना ते गाणे पहिल्याच दिवशी आपले वाटले याचे कारण हेच, की त्याचा अर्धा भाग ते जन्मापासून ओळखत होते.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना ठाऊक असेल, की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. किती साधी गोष्ट! तिचा पहिला उपयोग व्यवहाराचा होता. नटाला पद कसे म्हणावे हे त्यावरून कळे. परंतु तीच ओळ ऋणाची पावतीही ठरली. अशी कित्येक मूळ गाणी आता कोणास येत नाहीत. त्यांचे दोन-तीन शब्द तेवढे परक्या पदाच्या कपाळावर टिळ्यासारखे उरले आहेत. एखादे पद हाती घेऊन त्याच्या मुळाचा शोध घेणारा अभ्यासक त्या दोन-तीन शब्दांचे बोट धरूनच मागे मागे जातो.

आजच्या विद्यार्थ्यांनी दूरदेशीचे असेच एक उदाहरण ऐकावे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर रेगे नावाचे संगीत आहे. तेथे किंग्स्टन शहरी किंग टबी (१९४१–१९८९) या नावाने ओळखला जाणारा एक विद्युत्‌यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर होता. तो ध्वनिमुद्रित गाण्यातून गायकाचा आवाज काढून घेई, ढोल आणि मंद्र तारांची लय पुढे आणी, आणि त्यावर प्रतिध्वनीचे खेळ करी. अशा नव्या रूपास ‘डब’ म्हणतात. ऑगस्टस पाब्लो याची ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ ही अशीच प्रसिद्ध रचना. तिच्या मुळाशी गेल्यास जेकब मिलर याने गाइलेले एक प्रेमगीत सापडते. तेथे शब्द काढून लय ठेवली, येथे शब्द बदलून चाल ठेवली. मुळाचा माग काढणाऱ्या रसिकाचा आनंद दोन्हीकडे एकच!

अण्णासाहेबांचे दुसरे नाटक ‘सौभद्र’. त्याच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यास झाला. त्याच सुमारास भाऊराव कोल्हटकर हे असामान्य आवाजाचे नट मंडळीत आले, आणि सुभद्रेची पदे घरोघर पोहोचली. ‘रामराज्यवियोग’ हे तिसरे नाटक मात्र पुरे होऊ शकले नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेबांनी जन्मगावी गुर्लहोसूर येथेच देह ठेवला. संगीत नाटककार म्हणून त्यांना मिळाली ती केवळ पाच वर्षे.

ती पाच वर्षे पुरली. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘शारदा’ लिहिले. बालपणी किर्लोस्कर मंडळीत वावरलेले भास्करबुवा बखले पुढे थोर गवई झाले आणि १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना त्यांनी रागदारीतील चिजांच्या चाली दिल्या. बालगंधर्वांनी त्या महाराष्ट्राच्या कानांत कायमच्या वसविल्या. आणि चालींनी परतीचा प्रवासही केला. मराठी मंडळ्या उत्तर कर्नाटकात गावोगाव खेळ करीत; ते पाहून तेथे कानडी नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी मराठी नाट्यपदांच्या चालींवर कानडी पदे बांधली. जी लेक गुर्लहोसूरच्या परिसरातून सासरी गेली होती, ती नातवंडे घेऊन माहेरी आली, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा त्या स्नेहसंमेलनातील मुलाला आम्ही आज काय सांगू? चाल घेतली म्हणून कोणी चोर ठरत नाही. कोणाची घेतली हे लपविले, तर मात्र ठरतो. सीमेवर राहणाऱ्या आपणां सर्वांचे बोलणे, जेवण आणि गाणे असेच उसनवारीवर पोसलेले आहे, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या त्या विद्यार्थ्याने मान वर करावी, आपले मराठी गीत मोकळ्या गळ्याने म्हणावे, आणि म्हणण्यापूर्वी कानडी गटाकडे पाहून ही चाल तुमची, एवढे मोठ्याने सांगावे. अण्णासाहेबांच्या मंडळीत तो शोभून दिसेल.