सगळे आकडे ६१७४ ला पोचवणारे कापरेकर सर

नाट्याच्या बंदरावर भरती कधी येणार, हे जुनी माणसं तिथीवरून सांगतात. पण होडी किती मासळी घेऊन येईल? ते कोणीच सांगू शकत नाही. मग जे सांगता येत नाही ते खरंच रँडम असतं, की त्यामागचा नियम आपल्याला अजून सापडलेला नसतो? या प्रश्नाच्या जवळ नेणारा माणूस आपल्याच कोकण किनाऱ्यावर, पण पार उत्तरेला डहाणूत जन्मला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५.

आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. घरातल्या त्या आकडेमोडीतूनच मुलाला गणिताची गोडी लागली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी, बस्स. एमएस्सी नाही, पीएचडी तर लांबच. १९३० ते १९६२ अशी तब्बल ३२ वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

आणि वहीत आकड्यांशी खेळत होते. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचं जन्मसालच घेऊ. १९०५ चे ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या फेरीत ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च! सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात फेऱ्या लागतात. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन नेमकं उलटं मांडत होते: कॉम्प्युटरकडून रँडम आकडे कसे काढायचे. संख्येचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, पुन्हा वर्ग करा. पण ३७९२ चा वर्ग येतो १४३७९२६४, आणि त्याचे मधले अंक परत ३७९२! गाडी तिथेच अडकली. म्हणजे सूत्रातून आलेला आकडा कितीही विस्कळीत दिसला, तरी सूत्र आणि सुरुवात कळली की पुढचं सगळं कळतं. खरी अनिश्चितता शोधायची तर अणूत शिरावं लागतं. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धा साठा किती काळात विघटित होईल हे नेमकं सांगता येतं, पण त्यातला एखादा अणू कधी फुटेल हे आजच्या विज्ञानाप्रमाणे सांगताच येत नाही.

कापरेकरांना मात्र बऱ्याच गणितज्ञांनी गांभीर्याने घेतलं नाही. हा काय पोरखेळ, असा सूर होता. १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घेऊ लागले. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि सत्तरीतले कापरेकर जगभर पोचले. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं. ६१७४ ला आज जग कापरेकर स्थिरांक म्हणतं.

वडिलांच्या कुठल्या कुंडलीत हे दिसलं असतं का, कोणास ठाऊक. ज्यांनी प्रत्येक आकड्याचा शेवट आधीच सांगितला, त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला मात्र असं कुठलं सूत्र लागू पडलं नाही. रिझल्टच्या टेन्शनमध्ये असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे बरंच आहे, नाही का? कमी मार्कांवरून पुढची तीस वर्षं कोणी वजाबाकीने काढून दाखवू शकत नाही.

तोवर स्टँडवर उभे असाल, तर समोरच्या गाडीच्या नंबरातले चार आकडे घ्या आणि करून बघा. सात फेऱ्यांत गाडी ६१७४ ला पोचते.